सगळ्यात आधी

टाळ्या माझ्यासाठी वाजतायत हे मला जरा उशिराच कळलं. मी मान खाली घालून चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळत बसले होते, आणि शेजारची अकाउंट्सवाली कोपरानं ढोसत होती, अगं ऊठ, तुझ्याबद्दल चाललंय. समोर शिट्टीकाका उभे होते. आमच्या इमारतीचे अग्निसुरक्षा अधिकारी. गळ्यातली शिट्टी ते लिफ्टमध्येसुद्धा काढत नाहीत म्हणून सगळे मागून त्यांना शिट्टीकाका म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. परवाच्या फायर ड्रिलचा आढावा चालला होता. आधी त्यांनी जिन्याचा फोटो दाखवला. तळमजल्यावर पाळणाघराच्या दाराशी आईबापांची ही गर्दी, मुलांना घेऊन निघालेली चाकांची गाडी आतच अडकलेली, आणि जिन्याच्या वळणावर एक एकटी चप्पल. चप्पल अकाउंट्सवालीची होती. ती मुलासाठी धावताना घसरली होती आणि तिच्यावरून मागचे अडखळले होते. खरी आग असती तर, एवढंच म्हणून शिट्टीकाकांनी तो फोटो बाजूला केला. मग ते माझ्याकडे वळले. या इमारतीत एकच आई अशी निघाली, म्हणाले, जी आपल्या मुलीच्या दारावरून सरळ पुढे गेली आणि ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली. मुलांना ताई बाहेर काढतील, आईबापांनी मध्ये यायचं नाही, हे पाळणाघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचलं सगळ्यांनी, पाळलं एकीनं. मी उठले. उठल्यावर काय करायचं कळेना, म्हणून वायर हातात तशीच धरून थोडी वाकले. सगळ्यांत जोरात टाळ्या अकाउंट्सवालीच्या होत्या. खाली बसले तेव्हा ती कानाशी येऊन म्हणाली, "सकाळी येताना काळीज कुठं ठेवून येतेस गं? लॉकरमध्ये?" आणि हसली. हसण्यात खरंच कौतुक होतं. तिच्या घोट्याला अजून पट्टी होती.

भोंगा वाजला तेव्हा मी सरावाचा प्रश्न सोडवत होते. माझं काम माहिती सुरक्षेचं. कंपनीच्या फायली, पासवर्ड, कुणाला कुठलं दार उघडायचं आणि कुणाला नाही, याची राखण. त्यातल्या एका मोठ्या परीक्षेला मी बसणार होते आणि जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला, प्रश्न एका हाताला असं चालायचं. भोंगा वाजला आणि माझी बोटं आपोआप कळांवर गेली, स्क्रीन लॉक. ड्रॉवरला किल्ली. टेबलावरचे कागद उलटे. लॅपटॉप वायरीतून सोडवून छातीशी. यातलं काहीही मी विचार करून केलं नाही, पापणी लवते तसं झालं. जिना उतरताना मी मनात त्याच प्रश्नाच्या दोन पर्यायांमध्ये घोळत होते, हे मला स्पष्ट आठवतं. ब की ड. आजूबाजूला लोक पळत होते आणि मला थोडं हसूही येत होतं त्यांचं, एवढं काय, नेहमीचंच असेल. पाळणाघराच्या काचेच्या दारावरून मी गेले. आत पिवळी जाकिटं घातलेल्या ताईंची लगबग दिसली. एका पोरानं काचेला तळवा लावला होता. मी तो तळवा पाहिला आणि माझ्या मनात आलं की या काचा रोज पुसायला लागत असतील. एवढंच आलं. मग मी बाहेर आले, आमच्या विभागाच्या पांढऱ्या रेघेवर उभी राहिले, आणि ऊन लागू नये म्हणून लॅपटॉपवर हात आडवा धरला. बऱ्याच वेळानं ती चाकांची गाडी बाहेर आली. तिच्या कडेवरून एक पाय लोंबत होता. पायात मोजा, टाचेला पिवळा, बोटांकडे निळा. असाच मोजा आपल्याकडे आहे, असं मला वाटलं. मग पाय ओळखला. आणि सगळ्यात शेवटी पोर.

मी थांबले नव्हते. थांबायला आधी निघावं लागतं. मनातल्या मनात का होईना, पाऊल उचलावं लागतं, मग ते आवरावं लागतं, मग त्याला म्हणता येतं की बाईनं स्वतःला आवरलं. माझ्यात कुणी निघालंच नव्हतं. भोंग्यापासून त्या मोज्यापर्यंत मला मूल नव्हतं. असं म्हटलं की ते भयंकर वाटतं, पण घडलं तेव्हा भयंकर काहीच नव्हतं, उलट फार हलकं होतं, लग्नाआधी संध्याकाळी एकटी घरी चालत यायचे तसं. मला सगळ्यात जास्त लाज त्या हलकेपणाची वाटते. आमच्या परीक्षेच्या पुस्तकात दोन प्रकारच्या चुका सांगितल्यात. एक, काही झालेलं नसताना घंटा वाजते. तिला सगळे वैतागतात. दुसरी, चोर आत शिरतो आणि घंटा वाजतच नाही. दुसरी वाईट, कारण तिच्यात सगळं शांत असतं, आणि शांत आहे म्हणून कुणीतरी लिहून टाकतं की सगळं ठीक आहे. मी ते पान वाचत होते आणि शिट्टीकाकांच्या सभेतल्या टाळ्या कानात वाजत होत्या.

परीक्षेला बसायचं मी बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर ठरवलं होतं. परतले तेव्हा माझी खुर्ची खिडकीपासून दाराशी आली होती आणि कामं हलकी झाली होती. तुला आता घरचंही असतं ना, असं सगळे इतक्या मायेनं म्हणायचे की भांडता यायचं नाही. मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, म्हणाल्या की प्रमाणपत्र असेल तर मी तुला नव्या कामावर घेऊ शकते, नसेल तर मलाही वर उत्तर द्यावं लागतं. म्हणून ते पुस्तक आलं. उशीएवढं जाड. ठकू, म्हणजे माझी लेक, टबात पाणी उडवत बसायची तेव्हा मी बाथरूमच्या दारात स्टूल टाकून ते मांडीवर घ्यायची. एक डोळा तिच्यावर, एक ओळींवर. पानं फुगली होती. या परीक्षेची गंमत अशी की तिच्यात चुकीची उत्तरं फारशी नसतातच. चारही पर्याय बरोबर असतात. विचारलेलं असतं, यातलं सगळ्यात आधी काय कराल. आग लागली, चोरी झाली, माणूस नोकरी सोडून फायली घेऊन गेला. सगळ्यात आधी काय. आमच्यासारखे प्रत्यक्ष काम करणारे लोक इथेच आपटतात, कारण आम्ही लगेच दुरुस्त करायला धावतो, आणि परीक्षेला हवं असतं की आधी थांबा, आधी विचारा, आधी धोका मोजा. फक्त एका ठिकाणी थांबायचं नसतं. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न येईल तिथे डोळे मिटून तो पर्याय निवडायचा, मग बाकीचे तीन कितीही शहाणे दिसोत. शिकवणीतले सर त्याला फुकटचा गुण म्हणायचे. हा गुण ज्याचा जाईल, म्हणायचे, त्यानं घरी जाऊन स्वतःला चिमटा काढून बघावा. सगळे हसायचे. मीही हसले होते.

नवऱ्याला मी सांगितलं. तो वाळलेले कपडे घडी करत होता, मी समोर उभी राहून जे झालं ते झालं तसं सांगितलं, तळव्यासकट, मोज्यासकट. त्यानं ठकूचं झबलं नीट चौकोनी केलं आणि म्हणाला, अगं ड्रिल होती ती, तुला आतून माहीत असणार. मी म्हटलं नव्हतं माहीत. तो म्हणाला, वरून नसेल माहीत, आतून असणार. तू तशी आहेसच, कधी घाबरत नाहीस. आणि विषय संपला असं त्याला वाटलं, कारण त्यानं पुढचा कपडा घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोनवर माझ्या नणंदेला तीच गोष्ट सांगत होता, शिट्टीकाकांच्या शब्दांत. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि मी शेजारच्या खोलीत ठकूच्या केसांतून कंगवा फिरवत होते, तिचे केस इतके विरळ की कंगवा कशाला लागत नाही. मला वाटलं, यालाही मी आता फसवलं. खरं सांगूनसुद्धा फसवता येतं हे मला नवीन होतं.

मग ठकूचा खेळ सुरू झाला. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहायची, गाल फुगवून ट्यँव ट्यँव करायची, बाहुली जमिनीवर टाकायची आणि माझं ते जाड पुस्तक दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायची. ते तिला झेपायचं नाही. पोट पुढे काढून, डगडगत, ती दारापर्यंत जायची आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. अगदी गंभीर. नवरा पोट धरून हसला पहिल्यांदा, हुबेहूब तूच, म्हणाला. मी खाली बसले आणि तिला विचारलं, बाहुली राहिली की गं, बाहुलीला नाही घ्यायचं? ती माझ्याकडे बघून, मला समजावल्यासारखी म्हणाली, "बाऊली ताईकडे." तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तिला उचलून घेतलं असतं, पापे घेतले असते, रडले असते कदाचित. तिनं ते शिकून घेतलं होतं, पाणी पिताना पेला दोन हातांनी धरायचा हे शिकली तसं. काचेवरचा तो तळवा कुणाचा होता हे मी पाळणाघरात कधी विचारलं नाही. विचारून काय करणार होते. पोरं बारा-पंधरा, तळवे त्याच्या दुप्पट, आणि मी त्यातला एकही ओळखला नव्हता.

जिन्यात नवं चित्र लागलं. एका बाईची काळी आकृती, छातीशी काहीतरी चौकोनी, ताठ चालणारी. खाली लिहिलेलं, पालकांनो, थांबा, ताईंवर विश्वास ठेवा. चेहरा नव्हता, पण लोक येता-जाता माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी लिफ्टनं जायला लागले. अकाउंट्सवालीनं मला एकदा हात धुताना गाठलं. तिला त्या फोटोचं फार लागलं होतं. तिच्या विभागात तिला आता चप्पलबाई म्हणायचे, आणि ती स्वतःच ते आधी सांगून टाकायची म्हणजे दुसऱ्यानं सांगायला उरू नये. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मला पण शिकव की. कसं आवरलंस तू स्वतःला? माझे तर नुसतं आठवलं तरी पाय जिन्याकडे वळतात." नळ चालू होता. मला खरं काय ते म्हणता आलं असतं. दोघीच होतो, आणि तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी टिश्यूनं एकेक बोट पुसलं आणि म्हटलं, आधी एक लांब श्वास घ्यायचा. मग ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा. मग मोजत जिना उतरायचा. पुस्तकातल्यासारखं सुचत गेलं. ती मान डोलावत ऐकत होती, ओठ हलवत, पाठ करत. त्या दिवसापर्यंत मी नुसती गप्प होते. नळ बंद झाला तेव्हा मी खोटारडी झाले होते, आणि वर शिकवण्या घेणारी.

परीक्षेचं केंद्र एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खाली चष्म्याचं दुकान. आत फिकट भिंती, चप्पल वाजू नये असा गालिचा, आणि बोलणारी माणसं कुजबुजत बोलत होती, दवाखान्यात बोलतात तशी. घड्याळ काढायला लावलं, कानातलं काढायला लावलं, खिसे उलटे करून दाखवायला लावले; जीन्सच्या खिशातून ठकूनं ठेवलेला क्रेयॉनचा तुकडा निघाला आणि तो काउंटरवर ठेवताना मी उगीचच सॉरी म्हणाले. बाह्या वर, केस मागे, चष्मा प्रकाशात धरून बघितला. तपासणारी मुलगी माझ्याहून लहान असेल. तिनं मला एका छोट्या यंत्रावर तळवा ठेवायला सांगितला. ते हाताच्या आतल्या शिरा वाचतं, म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणी येऊन बसू नये. "हात सैल सोडा ताई," ती म्हणाली, "घट्ट धरलात की वाचता येत नाही." मी सैल सोडायचा प्रयत्न केला. यंत्र नाही म्हणालं. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. मला घाम फुटला. मला खरंच असं वाटलं की यंत्राला काहीतरी कळलंय. तिनं माझी बोटं हलकेच उचलून सरळ केली, मी ठकूची करते तशी, आणि हिरवा दिवा लागला. मग दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले. रिकामे आहेत, असं तिनं कुठेतरी टिपलं आणि मला आत सोडलं.

आधी पडद्यावर आचारसंहिता येते. प्रामाणिकपणे वागेन, समाजाचं हित आधी बघेन, अशा ओळी. मान्य आहे असं दाबल्याशिवाय पहिला प्रश्न उघडत नाही. सगळे ते न वाचता दाबतात. मी वाचलं, मग दाबलं. या परीक्षेत मागे जाता येत नाही. दिलेलं उत्तर गेलं ते गेलं. तुम्ही बरोबर उत्तर द्याल तसा पुढचा प्रश्न अवघड होत जातो, त्यामुळे चांगलं चाललेलं असताना आपण बुडतोय असंच वाटत राहतं, आणि परीक्षा कुठे संपेल तेही सांगत नाहीत, बोलता बोलता फोन कट व्हावा तशी संपते. डोक्यावर कॅमेरा. कानावर आवाज बंद करणारे जाड हेडफोन. त्यांच्यात स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मला बरं चाललं होतं. कुलपं, किल्ल्या, करार, पूर, नोकरीवरून काढलेला रागीट माणूस. मी प्रत्येकाला आधी थांबवलं, आधी धोका मोजला. मग तो प्रश्न आला. तळघरातल्या यंत्रांच्या खोलीत धूर दिसतोय, भोंगा वाजला आहे, तुम्ही सुरक्षा विभागाच्या प्रमुख आहात. सगळ्यात आधी काय कराल. चार पर्याय. यंत्रं बंद करणं. महत्त्वाची माहिती सुरक्षित ठिकाणी हलवणं. वरिष्ठांना कळवणं. माणसं बाहेर काढणं. फुकटचा गुण.

मी त्याच्यासमोर बसून राहिले. कोपऱ्यात वेळ चालला होता. मला दुसरा पर्याय दिसत होता, महत्त्वाची माहिती सुरक्षित ठिकाणी हलवणं, आणि त्या ओळीत मी जिना उतरत होते, ऊन लागू नये म्हणून आडवा हात धरत होते. खरं उत्तर ते होतं. माझं तरी. विचारलंय काय कराल, काय करायला हवं असं नाही विचारलं. या पडद्यासमोर, यंत्रानं शिरा वाचून ही तीच बाई आहे असं ठरवल्यावर, प्रामाणिकपणे वागेन असं दाबून आल्यावर, मी खरं उत्तर दिलं तर एक गुण जाईल, आणि कुणाला तरी, निदान या मशिनीला, माझं खरं ठाऊक होईल. फार ओढ लागली मला. लहानपणी उंचावरून वाकून बघताना लागायची तशी. मग मला दाराजवळची खुर्ची दिसली, मॅडमचा तो समजूतदार चेहरा दिसला, आणि माझ्या हातानं चौथा पर्याय दाबला. पुढे. प्रश्न गेला. पुढचा अवघड होता, म्हणजे मागचा बरोबर धरला होता. त्यानंतरचे प्रश्न मी रडत सोडवले असं म्हणायला हवं, पण मी रडत नव्हते, नुसतं नाक वाहत होतं, आणि रुमाल बाहेर लॉकरमध्ये होता, म्हणून बाहीला पुसत होते. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला वाटलं असेल, हिला सर्दी आहे.

पास झाले. बाहेर त्याच मुलीनं घडी घातलेला कागद दिला आणि क्रेयॉनचा तुकडा न विसरता परत केला. आईला फोन केला तर म्हणाली, तू त्या भोंग्याच्या वेळी अशी ठाम राहिलीस तेव्हाच मला कळलं होतं, ही परीक्षा काय अवघड. तुझ्या जागी मी असते तर वेडी होऊन धावले असते बाई, मला नसतं जमलं. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार. ती धावली असती हे मला माहीत आहे. लहानपणी मी तापानं फणफणले होते तेव्हा एका पायात बाबांचा बूट आणि एका पायात स्वतःची चप्पल घालून ती मला घेऊन दवाखान्यात गेली होती. ती गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगतात.

नुसतं पास होऊन भागत नाही. ज्याच्याकडे आधीपासून ते प्रमाणपत्र आहे अशा कुणीतरी तुमच्याबद्दल लिहून द्यावं लागतं की हा माणूस भरवशाचा आहे. मॅडमनी लगेच लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यात ड्रिल होतीच, दबावाखाली विवेक न सोडणारी असं काहीतरी. मी दाराशी उभी होते. म्हटलं, मॅडम, त्या दिवशी मला मुलीची आठवणच नव्हती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि हसल्या. "म्हणजे लक्ष पूर्ण कामावर होतं," म्हणाल्या. "तेच लिहिलंय." आणि पाठवून दिलं. माझी खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. तिथून खालचं मैदान दिसतं, त्यावरच्या पांढऱ्या रेघा दिसतात. मी रोज कामाला बसले की मनातल्या मनात एकदा भोंगा वाजवते, आणि मनातल्या मनात धावते. जिन्याची कुठली पायरी फुटलीय, वळणावर कुठे हात धरायचा, सगळं बसलंय आता. पण त्याला काही अर्थ नाही हे मला कळतं. कधी तपासणार ते आधीच कळलेली घंटा चालते की नाही हे कुणालाच कळत नाही. परीक्षेला पुन्हा बसता येतं. भोंगा मात्र पुन्हा पहिल्यांदा वाजणार नाही. मी धावले तरी ती पाठ केलेली धाव असेल, आणि माझ्यात खरोखर काय आहे हे मला मरेपर्यंत कळायचं नाही.

तो वाजला तेव्हा ऊन कलतं होतं आणि मी एका फायलीवर काम करत होते. मला मधलं काही आठवत नाही, पायऱ्याही नाहीत. मी पाळणाघराच्या दारात होते आणि दार ढकलून आत गेले होते. ताई पोरांना चाकांच्या गाडीत बसवत होत्या, जाकिटाची एक बाही घालायची राहिलेली. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, तुम्ही तरी," म्हणाल्या. ठकू गाडीत उभी होती, कड धरून. तिनं मला बघितलं आणि दोन्ही हात वर केले. मी तिला घ्यायला गेले आणि माझे हात वर होईनात. खाली बघितलं तर लॅपटॉप. छातीशी, दोन्ही हातांनी, घट्ट. कधी उचलला होता देव जाणे. आम्ही तिघी क्षणभर तशाच, ठकूचे हात वर, माझे अडकलेले, आणि भोंगा डोक्यात भोकं पाडत होता. "ते तरी ठेवा, नाहीतर हिला तरी राहू द्या," ताई ओरडल्या. मी लॅपटॉप गाडीत ठेवला, ठकूच्या जागी, आणि ठकूला उचललं. ठेवताना तो उघडला. पडदा लख्ख उजळलेला होता, ती फाईल तशीच्या तशी उघडी. मी लॉक केला नव्हता. एका पोरानं लगेच त्यावर दोन्ही पंजे मारायला सुरुवात केली, पडद्यावर काहीतरी उमटत गेलं, आणि मी ते बंद केलं नाही. ताई गाडी ढकलत निघाल्या, मी मागून.

बाहेर सगळे आपापल्या रेघांवर होते. अकाउंट्सवाली तिच्या रेघेवर होती. दोन्ही चपला पायात. दोन्ही मुठी मांड्यांशी आवळलेल्या, ओठ हलत होते, मोजत असावी. चेहरा पांढराफटक. गाडीतलं तिचं पोरगं तिला बघून हसलं तरी ती रेघेवरून हलली नाही. मग तिची नजर वर आली. तिनं मला पाळणाघराच्या दारातून येताना बघितलं, कडेवर ठकू. तिच्या मुठी हळूहळू सुटल्या. मी तिच्यासमोर जाऊन थांबले. कानाशी यावं लागत होतं इतका आवाज होता. "मी तुझ्यासारखी थांबले," ती म्हणाली. नुसतं सांगितलं तिनं, प्रश्नही नव्हता तो.

मी म्हटलं, "मी थांबले नव्हते त्या वेळी. मी विसरले होते तिला."

तिनं कानामागे हात धरला. "काय?"

पलीकडे शिट्टीकाकांनी मोजणी संपवून हात वर केला, आणि भोंगा बंद झाला. एकदम. झाडावरचे पक्षीसुद्धा ऐकू यायला लागले. सगळं मैदान उभं होतं, मॅडम होत्या, ताई होत्या, आणि ठकू माझ्या गळ्यात हात टाकून माझ्या तोंडाकडे बघत होती. अकाउंट्सवालीचा हात अजून कानामागेच होता.